कुत्र्याच्या छत्र्या : ओळख आणि वर्गीकरण

मृगाच्या सरींनी खानदेशची काळी जमीन भिजली की बांधावर, वारुळांपाशी, उकिरड्यावर आणि केळीच्या कुजत्या खुंटांवर छत्र्या उगवू लागतात. जळगावहून भुसावळकडे जाताना लागणारे नशिराबाद काय किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे एखादे खेडे काय, त्या बहुधा 'कुत्र्याची छत्री' या एकाच नावाने ओळखल्या जातात. परंतु या एका नावाखाली उत्तम खाद्य, निरुपयोगी आणि प्राणघातक अशा सर्वच जाती मोडतात. खरा धोका आहे तो येथेच.

खाण्याजोगी अळंबी ओळखण्याच्या काही समजुती सर्वत्र रूढ आहेत. शिजविताना चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसणीचा रंग बदलला नाही, किडे लागलेले दिसले, तर ती निर्धोक समजतात. यांपैकी एकाही कसोटीला शास्त्राचा आधार नाही. अतिविषारी जातींचे विष उकळल्यानेही नाहीसे होत नाही.

अळंबीला वनस्पती म्हणण्याची रीत आता मागे पडली आहे. १९६९ साली व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत विभागणी करताना कवकांना स्वतंत्र स्थान दिले. अळंबीच्या वर्गीकरणाचा पाया मात्र त्याहून जुना आहे. स्वीडनचे एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बीजाणूंच्या रंगाला महत्त्व दिले. ही परीक्षा कोणत्याही शाळेत करता येते. छत्र दांड्यापासून कापून, खालचे पातळ पडदे कागदाला टेकतील असे ठेवावे. अर्धा कागद पांढरा व अर्धा काळा असावा. वर वाटी पालथी घालावी. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसतो. नमुना हाताळल्यावर विद्यार्थ्यांनी हात धुवावेत आणि चव कधीही घेऊ नये.

दुसरी खूण जमिनीखाली असते. म्हणून अळंबी उपटू नये, मुळाकडून खणून काढावी. वारुळावरील खाद्य अळंबीचा दांडा मुळासारखा खोल जाऊन वाळवीच्या बागेला मिळतो. वाळवी जमिनीखाली या कवकाची जणू शेतीच करते! रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये या गटाला 'टर्मिटोमायसीस' हे नाव दिले. तिचा ठसा गुलाबी असतो. दांड्याच्या बुडाशी पेल्यासारखे आवरण आढळले तर मात्र सावध व्हावे. पेंढ्यावर वाढणाऱ्या खाद्य अळंबीलाही असा पेला असतो, पण तिचा ठसा गुलाबी उमटतो. पेला, दांड्यावर कडे आणि पांढरा ठसा अशी तीन लक्षणे एकत्र आली तर ती 'अमानिटा' असण्याचा संभव मोठा, आणि जगातील अतिघातक जाती याच गटातल्या.

आकारसाम्यावर विसंबणेही फसवे. कोरड्या प्रदेशात वारुळांवर उगवणारी 'पोडॅक्सिस' कधीच पूर्ण उघडत नाही. आत काळी भुकटी धरते. ती दीर्घकाळ वेगळ्या गटात गणली जाई. आनुवंशिक तपासणीने तिला 'क्लोरोफायलम'च्या कुळात आणून बसविले. पोडॅक्सिस कोवळेपणी अनेक ठिकाणी खातात. गवतात उगवणारी, पांढऱ्या छत्रावर तपकिरी खवले असलेली क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस मात्र एक ते तीन तासांत तीव्र वांत्या व जुलाब घडविते. तिचे पडदे कोवळेपणी पांढरेच असतात. पुढे हिरवट होतात आणि ठसाही हिरवट पडतो. एका कुळातील म्हणून एका गुणाची, हा हिशेब येथे चालत नाही.

युरोपीय चित्रपुस्तके उष्ण प्रदेशातील जातींना अपुरी पडतात. या दृष्टीने पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला नैर्ऋत्य भारतातील अळंब्यांवरील प्रबंध मोलाचा आहे. त्यात साठे व देशपांडे यांनी महाराष्ट्रातील जाती नोंदविल्या. तरीही ठसा व वर्णन जुळले म्हणजे अळंबी खाण्यास योग्य ठरली, असे नव्हे. तो निर्णय तज्ज्ञांचाच.

एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जण दगावले. अमानिटाच्या घातक जातींचे विष सहा तासांहून अधिक काळ लक्षणे दाखवीत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबून रोग्याला बरे वाटू लागते, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. म्हणून उतार पडला तरी रोग्याला घरी ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात न्यावे. उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, बरोबर न्यावी. कच्ची असल्यास प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता कागदात गुंडाळावी.