मंगळावर जुने गणकयंत्र का?



एका शाळाभेटीच्या वेळी सातवीच्या वर्गात ग्रहमालेचा पाठ चालला होता. एका मुलाने उठून विचारले, “गुरुजी, मंगळावरच्या गाडीतला संगणक आमच्या मोबाइलपेक्षा मंद आहे, असे दादा सांगतो. मग त्या शास्त्रज्ञांना नवा मिळाला नाही का?” गुरुजींनी “जुने ते सोने” एवढे म्हणून त्यास खाली बसविले. प्रश्न खरा होता; उत्तराने त्याची बोळवण झाली. असा प्रश्न आपणांपैकी कोणापुढेही उभा राहील, म्हणून हा पाठ.

मुलाच्या दादाची माहिती अचूक आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या अमेरिकन गाडीतील मुख्य प्रोसेसर ‘रॅड ७५०’ हा होय. १९९८ साली बाजारात आलेल्या आयमॅक संगणकात जो प्रोसेसर होता, त्याच घराण्यातील हा. त्याचा वेग सेकंदास सुमारे २० कोटी ठोक्यांचा. आजच्या साध्या मोबाइलचा वेग त्याच्या कित्येक पट असतो.

असे असता तोच का निवडावा? पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र व दाट वातावरण ही आपली छत्री आहे. तिच्याबाहेर सूर्याकडून आणि दूरच्या अवकाशातून येणाऱ्या विद्युत्‌भारित कणांचा मारा अखंड चालू असतो. संगणकाची स्मृती म्हणजे शून्य व एक यांच्या ओळी. एखादा कण चिपमधून आरपार गेला, तर शून्याचा एक होतो, वा एकाचे शून्य. चिपवरील घटक जितका सूक्ष्म, तितका अल्प भार त्यास उलटविण्यास पुरतो. नव्या चिपमध्ये अब्जावधी घटक दाटीवाटीने बसविलेले असतात. रॅड ७५० मध्ये ते सुमारे १ कोटी आहेत आणि तुलनेने मोठे आहेत. शिवाय ही चिप जुनी म्हणून तशीच उचललेली नाही, हे मुलांस आवर्जून सांगावे. रचना जुनी, पारखलेली; घडण मात्र किरणोत्सर्ग सोसेल अशी, खास या कामासाठी केलेली.

विजेचाही प्रश्न आहेच. या गाडीची अणुऊर्जेवरील वीजपेटी आरंभी सुमारे ११० वॅट वीज देई. घरातील छताचे दोन जुने पंखे त्यावर धड चालावयाचे नाहीत.

तथापि सर्वांत मोठे कारण मला निराळे वाटते. तेथे दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. म्हणून ज्याचे दोष वर्षानुवर्षांच्या वापरात उघडे पडले आहेत, असे यंत्र घेतात. आपल्या ‘इस्रो’च्या प्रक्षेपकांतही ‘विक्रम १६०१’ हा १६ बिटांचा स्वदेशी प्रोसेसर २००९ पासून वापरात आला.

याला अपवादही सांगावा, नाहीतर अर्धसत्य शिकविल्यासारखे होईल. त्याच गाडीबरोबर गेलेल्या ‘इन्जेन्युइटी’ या लहान हेलिकॉप्टरात मोबाइलमधील प्रोसेसर होता. ते प्रयोगासाठीच होते. गेले असते तरी मुख्य मोहीम अडली नसती. पाच उड्डाणांची योजना असता त्याने जानेवारी २०२४ पर्यंत ७२ उड्डाणे केली!

आता वर्गातील कृती. आठ मुले ओळीने उभी करा. त्यांस डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती द्या. १६ व ४ या मुलांनी हात वर करावा. संख्या झाली २०. हे यानातील तापमान समजा. आता डोळे मिटून चेंडू टाका. ज्यास लागेल त्याने आपला हात उलटवावा. ६४ च्या मुलास लागला, तर २० चे ८४ होतात! मग तशाच तीन ओळी करा आणि प्रत्येक स्थानी तिघांपैकी दोघांचे मत ग्राह्य धरा. चूक लगेच निवडली जाते. अवकाशयानांत ही युक्ती खरोखर योजतात.

खेळ संपल्यावर ‘व्हॉयेजर १’ ची हकीकत सांगा. सप्टेंबर १९७७ मध्ये निघालेल्या या यानातील संगणकांची एकूण स्मृती सुमारे ७० किलोबाइट. मोबाइलच्या एका छायाचित्रासही ती अपुरी. नोव्हेंबर २०२३ मध्ये यानाकडून निरर्थक संदेश येऊ लागले. स्मृतीची एक चिप निकामी झाली होती. अभियंत्यांनी कित्येक दशकांपूर्वीची कागदपत्रे धुंडाळली. त्या चिपमधील आज्ञा एकत्र मावतील अशी मोकळी जागा कोठेच नव्हती. म्हणून त्यांनी त्यांचे तुकडे करून स्मृतीत इतरत्र बसविण्याचे ठरविले आणि १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला भाग पाठविला. संदेश पोहोचण्यास साडेबावीस तास, उत्तर येण्यास तितकेच. २० एप्रिलला यान पुन्हा सुसंगत बोलू लागले.

हा पाठ सोमवारी घ्यावा. सकाळी ११ वाजता घंटेचा एक टोल देऊन “संदेश निघाला” असे सांगावे. बुधवारी सकाळी ८ वाजता दुसरा टोल द्यावा. मधल्या वेळात मुले जे प्रश्न विचारतील, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत, पुसू नयेत.