शुगर मोजणारा उजेड: त्वचेच्या आतला आणि बाहेरचा

हैदराबादच्या बेगम बाजारात दुकान असलेल्या वाचकांकडून हल्ली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: ‘डॉक्टर, बोट न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ आलंय म्हणतात. घ्यावं का?’ उत्तर आधीच देतो. शुगरसाठी घेऊ नका. मात्र प्रकाशाने शुगर मोजता येते, ही गोष्ट खरी आहे. ती कुठे, कशी आणि कोणासाठी मोजता येते हे कळलं, तर घड्याळ विकणाऱ्याचं बोलणं तुमचं तुम्हालाच पारखता येईल.

हा प्रश्न याच बाजारातून का येतो, तेही मला समजतं. दुसरे निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसलेला हा ठोक बाजार आजही सुक्या मेव्यापासून भांड्यांपर्यंत सगळा माल पुरवतो. नांदेड-लातूरकडचे व्यापारी रात्रीच्या गाडीने येतात, सकाळपासून माल बघतात, संध्याकाळी परततात. गल्ल्यावर बसणाऱ्याचं जेवण बारा वाजता होईल की चार वाजता, हे गिऱ्हाईक ठरवतं. मध्ये चार-पाच वेळा चहा होतो आणि नमुना म्हणून खजूर-मनुके तोंडात जातात. जेवायच्या बेताने इन्सुलिन घेतलं आणि तेवढ्यात मोठी ऑर्डर आली, की जेवण राहतं, इन्सुलिन मात्र आपलं काम करत राहतं. घाम फुटतो, हात थरथरतात, बेरीज चुकते. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाची शुगर तर श्रमामुळेही उतरते. सकाळी उपाशीपोटी केलेल्या एका तपासणीत यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून सतत मोजणारं साधन हवं, ही मागणी योग्यच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या पाहणीने भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं दाखवलं. त्यातल्या प्रत्येकाला सेन्सर लागत नाही, पण ज्यांना लागतो त्यांना तो फार लागतो.

आपल्याकडे दंडावर चिकटवायचे सेन्सर मिळतात. त्यांचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली जातो. तिथल्या द्रवातल्या ग्लुकोजवर एक एन्झाइम काम करतं आणि त्यातून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजला जातो. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा सेन्सर १४ दिवस चालतो, मग नवा लावायचा. ही शुगर रक्तातली नसून पेशींभोवतीच्या द्रवातली असते, म्हणून शुगर झपाट्याने चढत-उतरत असताना आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो.

प्रकाशाचा मार्ग याहून वेगळा आहे. अमेरिकेतल्या सेन्सोनिक्स या कंपनीने ‘एव्हरसेन्स’ नावाचा सेन्सर तयार केला. तो सुमारे १८ मिलिमीटर लांब आणि साडेतीन मिलिमीटर जाड असतो. दंडाचा छोटा भाग बधिर करून, बारीक छेद देऊन डॉक्टर तो त्वचेखाली बसवतात. त्याच्या आत अतिनील प्रकाश देणारा चिमुकला एलईडी आहे आणि बाहेरून एका खास पॉलिमरचा थर आहे. या थरात बोरॉन असलेले रेणू असतात. ग्लुकोज त्यांना चिकटलं की ते जास्त चमकतात, सुटलं की चमक उतरते. आतला प्रकाशमापक ती चमक मोजतो. ग्लुकोज येतं आणि जातं, खर्च होत नाही. सेन्सरमध्ये बॅटरी नसते. वर त्वचेला चिकटवलेला ट्रान्समीटर त्याला बिनतारी ऊर्जा देतो आणि दर पाच मिनिटांनी आकडा फोनवर पाठवतो.

मला या यंत्रातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो तो शरीराशी चाललेल्या झगड्याचा. पायात काटा राहिला तर त्याभोवती मांस धरतं, तसंच शरीर या पाहुण्याशीही वागतं. बसवल्याबरोबर त्यावर प्रथिनांचा थर चढतो, पांढऱ्या पेशी जमतात, काही आठवड्यांत तंतूंचं वेष्टण तयार होतं आणि ग्लुकोजची वाट अडते. शिवाय त्या पेशी सोडत असलेले ऑक्सिडंट घटक बोरॉनच्या रेणूंचीच मोडतोड करतात आणि चमक मंदावते. यावर उपाय म्हणून सेन्सरभोवती डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारं औषध हळूहळू सोडणारी सिलिकॉनची कडी बसवली. पुढे शरीराचा मारा आधी आपल्या अंगावर झेलणारे वेगळे बोरॉनयुक्त रेणूही घातले. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०१८ मध्ये ९० दिवसांच्या, २०२२ मध्ये १८० दिवसांच्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षभर चालणाऱ्या सेन्सरला परवानगी दिली. सहा वर्षांत चौपट आयुष्य मिळालं ते अशा बारीकसारीक सुधारणांमुळे.

आता घड्याळाकडे वळू. मनगटावरचा उजेड त्वचेतून आत जाऊन परत यावा लागतो. नाडी मोजायला तो चालतो, कारण रक्त प्रकाश ठळकपणे शोषतं आणि दर ठोक्याला त्याचं प्रमाण बदलतं. कोविडमध्ये आपण बोटाला लावत होतो तो ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनच्या रंगावर चालतो. ग्लुकोजला असा रंग नाही. त्याची खूण अतिशय क्षीण असते आणि पाण्याच्या खुणेत बुडून जाते. घाम, तापमान, पट्ट्याचा ताण, त्वचेचा वर्ण, सगळं मध्ये येतं. ऑक्सिमीटरलाही वर्ण अडवतो: डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये लपलेली ऑक्सिजनची कमतरता या यंत्राकडून गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा सुटली होती. आपल्या सावळ्या त्वचेसाठी ही साधी गोष्ट नाही. रोपण केलेल्या सेन्सरमध्ये मोजण्याचा प्रकाश त्वचा ओलांडतच नाही, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने जाहीर इशारा दिला, की त्वचेला न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. सेन्सरचा आकडा केवळ पडद्यावर दाखवणारं घड्याळ वेगळं. त्यात फसवणूक नाही.

रोपणाचा सेन्सर म्हणजे निर्धोक चमत्कार, असंही समजू नका. बसवताना आणि काढताना छेद द्यावा लागतो. जंतुसंसर्ग होऊ शकतो, व्रण राहतो, कधी काढताना त्रास होतो. सुरुवातीचे दिवस रोज आणि नंतर आठवड्यातून एकदा बोट टोचून आकडा जुळवावा लागतोच. डॉक्सिसायक्लिनच्या गटातली अँटिबायोटिक औषधं या सेन्सरचा आकडा खोटा कमी दाखवू शकतात. चिकटवायच्या काही सेन्सरांत उलट होतं: जास्त मात्रेतलं व्हिटॅमिन सी आकडा खोटा वाढवतं, आणि माणूस नको तेवढं इन्सुलिन घेतो. म्हणून कुठलाही सेन्सर लावलेला असेल तर प्रत्येक डॉक्टरला आणि औषध दुकानदाराला आधी सांगा. एमआरआयच्या आधी तर नक्कीच.

मग तुम्ही काय करावं? टाइप वन मधुमेह असलेली मुलं आणि मोठी माणसं, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे, आणि शुगर उतरल्याची जाणीवच ज्यांना होत नाही असे काका-मावशी, यांनी सतत मोजणाऱ्या सेन्सरबद्दल आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावं. बहुतेकांसाठी दिवसातला ७० टक्के वेळ शुगर ७० ते १८० च्या दरम्यान राहावी, असं ध्येय असतं. वयस्कर आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांसाठी ते सैल ठेवलं जातं. फक्त गोळ्यांवर असलेल्या, शुगर स्थिर असलेल्या माणसाला महिनोन्‌महिने सेन्सर लावायची गरज सहसा नसते. त्याला ग्लुकोमीटर आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, पुरते. रक्त कमी असेल किंवा थॅलेसेमिया असेल तर एचबीए१सी फसवू शकतं, तेव्हा तो आकडा ग्लुकोमीटरच्या आकड्यांशी पडताळून पाहा.

गल्ल्यावर बसणाऱ्यांनो, ड्रॉवरमध्ये साखरेची पुडी ठेवा. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि मग जेवा. शेजारच्या दुकानदारालाही हे सांगून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका. त्याला सरळ दवाखान्यात न्या. जेवणाला उशीर होणार असेल तर इन्सुलिन आधी टोचू नका. ताट समोर आल्यावर घ्यायचं की कसं, हे तुमच्या इन्सुलिनच्या प्रकारानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घड्याळ आधीच घेतलं असेल तर ते पावलं मोजायला खुशाल वापरा, पण त्याचा शुगरचा आकडा बघून इन्सुलिनचं एक युनिटही कमी-जास्त करू नका.