न मागितलेल्या अपडेटची भरपाई

अपडेटनं मशीन बिघडलं की सर्व्हिस इंजिनिअर हमखास म्हणतो, "ताई, सगळं पुसून नव्यानं टाकून देतो." लगेच टाकू देऊ नका. त्या पुसण्यात तुमचा पुरावाही जातो.

सांगलीत माझं लग्नपत्रिका छापण्याचं छोटं दुकान आहे. ऐन लग्नसराईत डिजिटल प्रिंटरच्या सॉफ्टवेअरनं न विचारता रातोरात नवी आवृत्ती ओढून घेतली. सकाळी जुन्या मराठी फॉन्टमधल्या मजकुराची दैना: रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरांच्या जागी चौकोन. वधूवरांच्या नावांची अशी मोडतोड झालेली पत्रिका कोण घेईल? काहींनी आगाऊ रक्कम परत नेली, उरलेली कामं मी बाहेरून छापून घेतली.

इंजिनिअरला थांबवून आधी अपडेटची तारीख-वेळ दाखवणाऱ्या नोंदीचे फोटो काढले. एकाच फाइलची आधीची आणि नंतरची छपाई जपून ठेवली. कंपनीला त्याच दिवशी ईमेल केला आणि इंजिनिअरच्या जॉब शीटवर 'अपडेटनंतर दोष' असं लिहून त्याची सही घेतली. प्रकरण टिकलं ते त्या सहीवर.

जिल्हा ग्राहक आयोगात कंपनीच्या वकिलाचा पहिलाच मुद्दा होता की मशीन धंद्यासाठी घेतलंय, म्हणजे या बाई ग्राहकच नाहीत. हे ऐकून छोटे व्यावसायिक माघार घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूनं केलेली खरेदी वगळतो हे खरं. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू तो व्यापारी हेतूची मानत नाही. मशीन मीच चालवते हे दाखवायला मी उद्यम नोंदणी आणि आयकर विवरण जोडलं.

रक्कम मांडताना मला कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटोच्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंच्या खटल्यानं वाट दाखवली. विंडोज 10 परवानगीशिवाय उतरल्यावर त्यांचा संगणक रखडू लागला, काम बुडालं. छोट्या दाव्यांच्या न्यायालयात त्यांनी बुडालेली मिळकत आणि नव्या संगणकाची किंमत मागितली. 10,000 डॉलर मंजूर झाले. मायक्रोसॉफ्टनं चूक कबूल केली नाही, पण 2016 मध्ये अपील मागे घेतलं.

मीही तसंच केलं: परत दिलेल्या रकमा, बाहेरच्या छपाईची बिलं, दुरुस्तीचा खर्च, आणि मनस्ताप सर्वांत शेवटी. बिलं होती तेवढं आयोगानं धरलं, तोंडी ठरलेल्या ऑर्डरींचं काहीच धरलं नाही. म्हणून ऑर्डर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी घ्या. ते संभाषण दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत द्या.

वस्तूसाठी 5 लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि कंपनीचं कार्यालय कुठंही असो, ती आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते.