मूर्तीचा कुलवृत्तांत

नोकरीनिमित्त पॅरिस येथे वास्तव्य असताना, एका रविवारी, नगराच्या उत्तर वेशीलगतच्या सेंत-उआँच्या जुन्या बाजारात वीतभर उंचीची एक पितळी मूर्ती माझ्या दृष्टीस पडली: मस्तक बोकडाचे, शिंगांच्या मधोमध मशाल, पाठीस पंख, वक्ष स्त्रीचे, एक हात ऊर्ध्व, दुसरा अधोमुख. घारापुरीच्या लेण्यातील अर्धनारीश्वर ज्याने बालपणापासून पाहिला, त्याला हे रूप परके वाटले नाही. आणि विक्रेत्याकडे कसलीही चौकशी न करता मी ती घरी आणून दिवाणखान्यात दर्शनी भागी मांडली.

आमच्या शेजारी एक वृद्ध, श्रद्धाळू कॅथलिक बाई राहत. माझ्या दुखण्यात पंधरवडाभर त्यांनीच मला गरम सूप आणून दिले होते. एके सायंकाळी त्या कॉफीस आल्या, मूर्तीकडे पाहताच त्यांचा चेहरा उतरला, आणि ‘ही आमच्या देवासारखीच आहे,’ असा खुलासा मी उत्साहाने करताच, कप तसाच ठेवून त्या निघून गेल्या. पुढे कित्येक दिवस त्यांचे दार मला उघडले नाही. तेव्हा कोठे मी ग्रंथालयाची पायरी चढलो.

बाफोमेत हे त्या आकृतीचे नाव. 13 ऑक्टोबर 1307 रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याच्या हुकमाने टेम्पलर धर्मयोद्ध्यांची धरपकड झाली. ते एका मस्तकाची पूजा करतात असा आरोप ठेवण्यात आला, आणि छळाखाली घेतलेल्या काही जबान्यांत हे नाव आले. प्रेषित महंमदाच्या नावाचा तो फ्रेंच अपभ्रंश असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्रचलित आकृती मात्र साडेपाच शतकांनंतरची. पाद्री होण्याचे शिक्षण सोडून दिलेल्या आल्फोन्स लुई कोन्स्ताँ याने, एलिफास लेव्ही या नावाने लिहिलेल्या गूढविद्येच्या ग्रंथात, 1850 नंतरच्या दशकात ती रेखाटली. हातांवर ‘विरघळव’ आणि ‘घट्ट कर’ या अर्थाचे किमयागारांचे लॅटिन शब्द, वर शुभ्र व खाली कृष्ण चंद्रकोर, कपाळी पंचकोनी तारा, उदरावर दोन सर्पांचा दंड: या सर्वांतून त्याला द्वंद्वांचा समतोल सुचवायचा होता. परंतु उत्तरकाळाने त्या रूपात सैतानच पाहिला. 2015 साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे सॅटॅनिक टेंपल या संस्थेने बाफोमेतचा भव्य कांस्यपुतळा उभा केला, तेव्हा त्याविरुद्ध निदर्शने झाली.

सोयरीक जुळवताना कुलवृत्तांत चाळणाऱ्या आपल्या समाजाने परदेशी मूर्ती घरात आणतानाही हाच शिरस्ता पाळावा. ती कोणी घडवली, कोणत्या वादात वाढली, आणि आपल्या उंबरठ्याच्या आत येणाऱ्या कोणाच्या जिव्हारी ती लागेल, हे आधी विचारावे. दुसऱ्याच्या प्रतीकावर आपल्या देवाचे नाव घालू नये; त्याने दोघांवरही अन्याय होतो. तसेच भयही बाळगू नये: पितळेत अनिष्ट शक्ती नसते, आणि नुसती मूर्ती पाहून कोणाला सैतानपूजक ठरवणे म्हणजे 1307 च्या फिर्यादीचीच पुनरावृत्ती होय.

अखेरीस मी त्या बाईंच्या दाराशी जाऊन क्षमा मागितली, आणि त्यांनी ती केली. मूर्ती मी टाकून दिली नाही. ती आता अभ्यासिकेच्या कपाटात, तिच्या इतिहासाच्या टिपणासह ठेवली आहे.