नोकर गप्प, तर नुकसान मालकाचे

व्यापारी व कारागीर बंधूंनो, दुकानातला माणूस चूक डोळ्यांनी पाहतो आणि बोलत नाही, तर दोष कोणाचा? आम्हाला याचे उत्तर एका लग्नसराईत मिळाले. आलेल्या साड्यांचा रंग जात होता. गठ्ठा सोडणाऱ्या मुलाच्या ओल्या हाताला पहिल्याच दिवशी रंग लागला होता. पण महिन्यापूर्वी, तागा मापात कमी आहे असे सांगणाऱ्या त्याच्या सोबत्याला आम्ही चारचौघांत झापले होते. म्हणून हा गप्प राहिला. माल विकला गेला, गिऱ्हाइके परत आली; पैसे गेले आणि भरवसाही.

यावर उपाय शिकण्यास लांब जावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलून पुन्हा चर्चा होते. शिवाय गावात अभ्यासगट चालतो. तेथे फक्त समजून घेणे आणि बोलणे, निर्णय ग्रामसभेतच. निर्णयाचे ओझे नसल्याने माणूस मोकळा बोलतो. या एकीच्या बळावर गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 साली बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

दुकान म्हणजे ग्रामसभा नव्हे, हे खरे. भांडवल मालकाचे, तोटाही त्याचाच. प्रत्येक सौदा सर्वांच्या संमतीसाठी थांबवता येत नाही. पण तीन गोष्टी घेता येतात.

पहिली, मशवरा आणि निर्णय वेगळे ठेवावे. आधी सर्वांचे ऐकावे, मालकाने शेवटी बोलावे.

दुसरी, चूक एकांतात सांगावी, शाबासकी चारचौघांत द्यावी. आरमोरीकडे कोशाचे कापड विणले जाते. विणकर "सूत तुटते आहे" म्हणाला, तर ती उशिराची सबब समजू नये. आधी सूत हातात घेऊन पाहावे.

तिसरी, मजुरीचा व कपातीचा हिशेब उघडा ठेवावा. सूचना मानली नाही, तर का मानली नाही तेही सांगावे. उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही.

आम्ही दर शनिवारी दुकान बंद करताना अर्धा तास बसू लागलो. चार शनिवार कोणी तोंड उघडले नाही. पाचव्या शनिवारी तोच मुलगा म्हणाला, "सेठ, उधारीच्या वहीत तुम्हीच दोन रकमा चढवल्या नाहीत." ऐकून राग आला. तरी वही काढली. मुलगा खरा निघाला. त्या दिवशी सर्वांसमोर त्याचे आभार मानले. तेव्हापासून शनिवारी बोलायला कोणाला सांगावे लागत नाही.