गोल लोगोत मराठी नाव वळवताना शिरोरेषा तुटते? इंकस्केपमध्ये असं करा



मसाले असोत, लोणचं असो किंवा घरी बनवलेले साबण; व्यवसाय सुरू झाला की बहुतेकांना गोल लोगो हवा असतो. आणि त्यात चूक काही नाही. तो बरणीच्या झाकणावर बसतो, त्याचा रबरी शिक्का बनतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत कापला जात नाही.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी मसाल्याच्या बरण्यांसाठी असाच लोगो केला आणि एकदम दोन हजार स्टिकर छापून घेतले. हातात आले तेव्हा नावातलं एकेक अक्षर सुटं, वरची रेघ जागोजागी तुटलेली. मोबाईलच्या स्क्रीनवर हे लक्षातच आलं नव्हतं. पैसे गेले ते गेलेच, दिवाळीची ऑर्डरही साध्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून पाठवावी लागली.

तुमचं असं होऊ नये म्हणून आज पूर्ण पद्धत बघू. सॉफ्टवेअर आहे इंकस्केप. ते मोफत आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही पूर्ण मुभा आहे.

आधी समजून घ्या: रेघ का तुटते?

इंग्रजी अक्षरं तशीही सुटी असतात, त्यामुळे ती वळवली तरी फारसं बिघडत नाही. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात. समजा अक्षरांचा पाया २२ मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर आहे आणि अक्षरं ५ मिमी उंच आहेत. मग शिरोरेषा २७ मिमी त्रिज्येवर जाते. आतल्या वर्तुळाचा परीघ साधारण १३८ मिमी, बाहेरच्याचा १७० मिमी. अक्षराची रुंदी मात्र तेवढीच राहते. म्हणजे वरच्या बाजूला जागा वाढली आणि तिथेच फट पडली.

खालच्या ओळीत याच्या उलट होतं. तिथे शिरोरेषा केंद्राकडे असते, म्हणून डोकी एकमेकांत घुसतात.

पायरी १: वर्तुळं काढा

आपण ६० मिमी व्यासाचं लेबल धरू. वर्तुळाचं टूल घ्या आणि कंट्रोल दाबून ओढा, म्हणजे अंडाकृती होणार नाही. वरच्या पट्टीत आरएक्स आणि आरवाय या दोन्ही रकान्यांत त्रिज्या टाका. एकक मिमी ठेवा. अशी चार वर्तुळं हवीत:

- बाहेरची कड: ३० मिमी
- आतली कड: १८ मिमी
- वरच्या ओळीचा पाया: २२ मिमी
- खालच्या ओळीचा पाया: २७ मिमी

चारही निवडून 'अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट'मधून आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून मध्यावर आणा.

खालचं वर्तुळ ५ मिमीने मोठं का? वरची अक्षरं वर्तुळाच्या बाहेर उभी राहतात, खालची आत. फरक अक्षराच्या उंचीएवढा ठेवला, तरच दोन्ही ओळी एकाच पट्ट्यात बसतात.

पायरी २: वरची ओळ

नाव साधं सरळ टाइप करा. फॉन्ट युनिकोडच घ्या. मुक्ता, बालू हे मोफत आहेत आणि व्यवसायासाठी चालतात. डीटीपीवाल्यांकडच्या जुन्या फॉन्टमध्ये काना-मात्रा वेगळ्या तुकड्यांच्या असतात, त्या वळवताना अक्षराला सोडून जाऊ शकतात.

आता नाव आणि २२ मिमीचं वर्तुळ शिफ्ट दाबून दोन्ही निवडा. 'टेक्स्ट' मेन्यूत 'पुट ऑन पाथ'. नाव वळेल, पण बहुतेक उजवीकडे खाली दिसेल. घाबरू नका. फक्त वर्तुळावर दोनदा क्लिक करा, फिरवायचे बाण येतील. वर्तुळ फिरवलं की नाव सोबत फिरतं.

नाव साधारण १५० अंशांत बसवा. आपल्या वर्तुळावर ही जागा ५७ मिमीच्या आसपास येते. नाव त्यात मावत नसेल तर अक्षरं दाबून बसवू नका. ब्रँडचं नाव वर आणि बाकीचं खाली घ्या.

पायरी ३: खालची ओळ

२७ मिमीचं वर्तुळ निवडा. 'पाथ' मेन्यूत 'ऑब्जेक्ट टू पाथ', मग त्याच मेन्यूत 'रिव्हर्स'. वर्तुळाची दिशा उलटली की अक्षरं आत येतात आणि डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येतात. पुढे तेच: 'पुट ऑन पाथ' आणि फिरवून मध्यावर.

डोकी फार भिडली असतील तर ऑल्ट आणि > दाबून अंतर किंचित वाढवा. वरच्या ओळीत ऑल्ट आणि < दाबून किंचित कमी करा.

पायरी ४: शिरोरेषा जोडा

आधी फाइलची एक प्रत वेगळी सेव्ह करा, कारण यानंतर नाव टाइप करून बदलता येणार नाही. मग दोन्ही ओळी निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. आता छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला तरी अक्षरं बदलत नाहीत, आणि पायाची वर्तुळंही निर्धास्त काढून टाकता येतात.

फट अजून दिसतेय? शिरोरेषा जिथे आहे त्याच त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि त्याची कमान करा. तिची जाडी शिरोरेषेएवढी, रंग अक्षरांचाच. दोन शब्दांमध्ये ही कमान तोडायची. थ, ध, भ यांच्या डोक्यावर रेघ मुळातच तुटलेली असते, तिथेही तोडायची. नाहीतर ध चा घ आणि भ चा म होईल! आमच्या गावाकडे याला 'ध चा मा' म्हणतात, आणि तो लेबलवर महाग पडतो.

छापण्याआधी

- साध्या कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढा, कापा, बरणीला चिकटवा आणि हातभर अंतरावरून वाचा.
- घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला नाव माहीत नाही. तो अडखळला तर काम बाकी आहे.
- एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, वजन, तारीख गोलाईत घालू नका. ते सरळ ओळीतच स्पष्ट दिसतं.
- छपाईसाठी पीडीएफ, मोबाईलसाठी पीएनजी.
- डीपीसाठी वेगळा छोटा लोगो ठेवा, फक्त चिन्ह किंवा पहिलं अक्षर. वळलेली ओळ एवढ्या लहान आकारात वाचता येत नाही.

आणि पहिल्यांदा शंभरच स्टिकर छापा. दर थोडा जास्त पडेल, पण दोन हजार चुकीचे पडून राहण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.

आजचा गृहपाठ: तुमचं नाव आधी २२ आणि मग ४० मिमी त्रिज्येवर, अक्षरं तेवढीच ठेवून वळवून बघा. फट कुठे कमी दिसते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत, की लोगोचं माप ठरवणं सोपं जाईल. चला, कामाला लागा!