तारीख बघितल्याशिवाय टायर रिमवर चढवू देऊ नका

चार नव्या टायरचे पैसे मी मोजले. मिळाले दोन नवे आणि दोन, जवळपास तीन वर्षांपूर्वीचे. वर ऐकून घेतलं ते वेगळंच: ‘मॅडम, मिस्टरांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो.’ गाडी माझी आहे, पोलो जीटी टीएसआय. चालवते मी, टायर निवडले मी आणि पैसेही माझेच.

मूळचे टायर गोटा झाले होते. पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून कोकणात जाणं असतं, म्हणून ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे, जरा मऊ रबराचे टायर हवे होते. लवकर झिजतात हे माहीत होतं, त्याला माझी तयारी होती. साइज 195/55 आर 16. दुकानदार 205/55 घ्या म्हणून मागे लागला, ‘गाडी रुबाबदार दिसेल’ म्हणे. त्या साइजमध्ये चाकाचा व्यास 621 वरून 632 मिलिमीटरवर जातो. म्हणजे स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी वेग दाखवणार आणि खालच्या आरपीएमला इंजिन जड वाटणार. रुंदी वाढवायचीच असेल तर 205/50 निदान व्यासाच्या जवळ राहतो, पण मला तोही नको होता. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्यानंतर त्याचा सूर बदलला.

टायर कुठल्या वर्षाचे, हे मी बसवण्याआधी विचारलं होतं. त्याने ढिगातला वरचा टायर फिरवून आकडे दाखवले: 1125, म्हणजे 2025 सालातला अकरावा आठवडा. ‘सगळे ह्याच लॉटचे. तुम्ही आत एसीत बसा, इथे धूळ आहे.’

ताम्हिणीत पहिल्याच पावसात वळणावर गाडीचा मागचा भाग हलका होऊन बाहेर सरकायला लागला. पुढची चाकं घट्ट धरून होती, मागची नाही. इतकी वर्षं त्याच वळणांवरून त्याच गाडीने जाते, त्यामुळे फरक लगेच कळला. फोन केला तर उत्तर आलं, ‘घाटात जरा हळू चालवायची, मॅडम.’

छडा लागला तो दुसऱ्याच माणसाकडे. स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढत होतं म्हणून अलाइनमेंटला नेली. गाडी रॅम्पवर चढली, अलाइनमेंटवाला खाली वाकला आणि म्हणाला, ‘ताई, मागचे टायर कधी बदलले?’ म्हटलं, चारही एकदमच. त्याने बॅटरी मारून दाखवलं. पुढच्या दोन्हींवर 1125. मागच्या दोन्हींवर 3822. कंपनी तीच, नक्षी तीच, साइजही तीच, फक्त रबर अडीच वर्षं आधीचं. चारही टायरवर ही तारीख गाडीच्या आतल्या बाजूला होती, बाहेर उभं राहून दिसणं शक्यच नव्हतं. तारखेसकटचा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला छापला तरी नियमात बसतं. शिवाय ज्या टायरच्या दोन बाजूंची नक्षी वेगळी असते, त्याची ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच ठेवावी लागते, उलटवून चालत नाही. रॅम्पखाली उभी राहून मी ते आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते. धूळ लागू नये म्हणून मला आत का बसवलं होतं, ते तेव्हा लक्षात आलं.

टायरच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, ‘टायर काय दूध आहे का नासायला?’ सावलीत, नीट ठेवलेला वर्षभरापूर्वीचा टायर घ्यायला माझीही हरकत नसते. पण ह्याचा अर्धा माल फुटपाथवर, उन्हात असतो. आणि जुना माल द्यायचा तर तसं सांगून, किंमत कमी करून द्यावा. नव्याच्या भावात, तोही मागच्या चाकांना गुपचूप, हे काही चुकून होत नाही.

म्हणून सांगते. टायर रिमवर चढण्याआधी चारही आडवे ठेवायला लावा, कोडचे शेवटचे चार आकडे स्वतः वाचा, फोटो काढा आणि प्रत्येक टायरचा आकडा बिलावर लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर तिथून उठा. बसवताना मशीनपाशी उभ्या राहा, धूळ लागली तर लागू दे. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तो भरा.

साइजच्या पुढचा आकडा आणि अक्षरही बघा. 87 म्हणजे एका टायरवर 545 किलो, 91 म्हणजे 615. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर, व्ही म्हणजे 240. तितक्या वेगाने कुणी जात नाही, पण गाडीच्या कंपनीने दिलंय त्याहून खालचं घेऊ नका. हवा किती भरायची तेही बघा: पोलोत त्याचं स्टिकर पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं, पुष्कळ गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर. ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा कंपनी स्वतःच चाचणी करून ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही. ट्रॅक्शनचा, म्हणजे पकडीचा, ‘ए’ किंवा ‘एए’ ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावण्यापुरता असतो, वळणाबद्दल तो काही सांगत नाही. नव्या टायरवर सुरुवातीचे दोनेकशे किलोमीटर सबुरीने चालवा. हवा नियमित तपासा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ लागते, पाय काढला की बहुतेक वेळा सावरते. मागची घसरली की गाडी फिरते. हे मला पुस्तकातून माहीत होतं, ताम्हिणीत त्या दुकानदाराने ते करून दाखवलं.

मागचे दोन टायर मी दुसरीकडून, आकडे लिहून घेऊन बदलले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दुकानदाराचं उत्तर आलं की ‘ग्राहकाने माल पाहून घेतला होता’. मी पाहिला होता तो एक टायर, त्याने दाखवलेला. काढलेले दोन्ही टायर, रॅम्पवरचे फोटो आणि अलाइनमेंटवाल्याने सही करून दिलेला कागद घेऊन आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.